‘पूर्वींच प्रसिद्ध झालेलें’ : एका समर्थनाची परीक्षा

जुने कागद छापणाऱ्यांच्या प्रस्तावनांतून एक समर्थन वारंवार आढळतें. एखाद्या घराण्याचें न्यून, एखाद्या स्त्रीवर आलेला आळ, एखाद्या गृहस्थाचें कर्ज किंवा त्यावर पडलेला बहिष्कार यांसंबंधींचा कागद छापतांना संपादक लिहितो कीं, यांत आम्हीं नवें असें कांहींच उघडकीस आणलेलें नाहीं. ही माहिती अमक्या दफ्तरांत होतीच, अथवा अमक्या पुस्तकांत ती पूर्वींच छापली गेली आहे. एवढें लिहिलें म्हणजे आपण सर्व दोषांतून मोकळे झालों अशी त्याची समजूत असते, आणि वाचकही तें वाक्य वाचून पुढें जातो. प्रस्तुत लेखांत आम्ही या एकाच वाक्याची परीक्षा करणार आहों. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळदां तें अक्षरशः खरें असतें. तें अपुरें आहे, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे. ज्यांच्या संग्रहीं मोडी कागदांचे रुमाल आहेत व जे ते कागद आज ना उद्यां लोकांपुढें ठेवणार आहेत, त्यांनीं तरी हें अपुरेपण कोठें आहे तें नीट पाहिलें पाहिजे.

उदाहरणादाखल पुण्यांतीलच एक सुप्रसिद्ध प्रकरण घेऊं. ता. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक समारंभ झाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक वगैरे शहरांतील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ निमंत्रणावरून तेथें गेले होते. कार्यक्रम आटोपल्यावर मिशनच्या मंडळींनीं पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेविलीं. कांहींनीं चहा घेतला. कांहींनीं यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातीं घेऊन तो बाजूस ठेविला, असें सांगतात. पुढें डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळ विनायक जोशी यांनीं तेथें हजर असलेल्या मंडळींच्या नांवांची यादी ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध केली. त्यावरून शहरांत ग्रामण्य माजलें, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, आणि चौकशीसाठीं शास्त्र्यांचें मंडळ नेमलें गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें पुढें मांडलें. रानड्यांनीं १८९२ सालीं मित्रमंडळींची अडचण ध्यानांत घेऊन प्रायश्चित्त घेतलें, व त्याबद्दल सुधारकांचा रोषही पत्करिला. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत या प्रकरणाची घरांतून दिसणारी बाजू वाचावयास मिळते.

या प्रकरणावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक चर्चा रानड्यांनीं प्रायश्चित्त घ्यावयास हवें होतें कीं नव्हतें, आणि टिळकांची भूमिका सुसंगत होती कीं नव्हती, या दोन प्रश्नांभोंवतीं फिरते. गोपाळरावांच्या वांट्यास ‘विक्षिप्त’ हें एक विशेषण येतें, आणि सुधारकांची फजिती पाहण्यासाठीं त्यांनीं केलेली ही एक थट्टा होती, असें म्हणून लेखक पुढें जातात. आमच्या मतें खरा विचारणीय प्रश्न येथेंच आहे. गोपाळरावांनीं नेमकें केलें काय?

त्यांच्या बाजूनें पुढीलप्रमाणें म्हणतां येईल. समारंभ चोरून झाला नव्हता. निमंत्रणें गेलीं होतीं. जे आले ते दिवसाढवळ्या, आपल्या पायांनीं आले. कोण आलें होतें हें प्रत्येक उपस्थितानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. यादींत जीं नांवें छापलीं तीं हजर असलेल्यांचींच होतीं. म्हणजे माहिती उघड होती, खरी होती, व ती कोणाच्या पेटींतून चोरलेली नव्हती. मग गोपाळरावांनीं तींत काय भर घातली?

त्यांनीं तीन गोष्टींची भर घातली. पहिली गोष्ट ही कीं, सुटें होतें तें त्यांनीं एकत्र केलें. अमुक गृहस्थ मिशनमध्यें गेले होते, ही बातमी एकट्याची होती तोंवर ती बातमीच राहिली. तीच पन्नास ओळींच्या उतरंडींत बसली तेव्हां ती आरोपपत्र झाली. दुसरी गोष्ट, त्यांनीं ती माहिती दुसऱ्याच वाचकापुढें नेली. समारंभांत ज्यांनीं एकमेकांस पाहिलें ते सर्व एकाच पंक्तीचे होते. त्यांच्यापैकीं कोणी कोणास वाळींत टाकणारा नव्हता. ‘पुणें वैभवा’चा वाचकवर्ग सनातनी होता, व तशी शक्ति असलेले लोक त्यांत होते. तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. यादीला जो संदर्भ मिळाला त्यामुळें पेला ओठास लावणारा व पेला खालीं ठेवणारा हे दोघेही एकाच रांगेंत आले. प्रत्येक नांव खरें होतें. परंतु सबंध यादी मिळून जें सांगत होती तें सर्वांच्या बाबतींत खरें नव्हतें. सुटीं सत्यें एकत्र करून त्यांतून असत्य कसें निपजतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

शिवाय या यादीचा भार कोणावर पडला हेंही पाहिलें पाहिजे. रानडे व टिळक यांस विद्या होती, मित्र होते, वर्तमानपत्रें होतीं. त्यांनीं आपापल्या रीतीनें तोंड दिलें, आणि इतिहासानें त्यांचें म्हणणें नोंदवून ठेविलें. परंतु त्याच यादींत असेही गृहस्थ होते कीं ज्यांचें नांव आज कोणी घेत नाहीं. ग्रामण्याचा अर्थ काय हें जुन्या कागदांच्या वाचकांस सांगावयास नकोच. श्राद्धपक्षास ब्राह्मण मिळत नाहीं, ठरलेलें लग्न मोडतें, सासरीं असलेली मुलगी माहेरीं पाठविली जात नाहीं. ज्या बायकामुलांनीं त्या चहाचा वासही घेतला नव्हता, त्यांच्यावर त्याचा दंड बसतो. गोपाळरावांची थट्टा मोठ्यांस उद्देशून असेल. तिची किंमत लहानांनीं दिली.

आतां हाच प्रश्न शास्त्रदृष्ट्या पाहूं. उघड व खरी गोष्ट बोलण्यांत दोष कसला, असा प्रश्न आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रकारांस पडला होता, आणि त्यांनीं त्याचें उत्तर वाक्पारुष्याच्या प्रकरणांत दिलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा ग्रंथ आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांतील अठराव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, एखाद्यास त्याच्या शरीरव्यंगावरून काणा किंवा लंगडा म्हटलें, तर तें खरें असल्यास तीन पण व खोटें असल्यास सहा पण दंड करावा. त्याच व्यंगाचा उपहासानें ‘काय सुंदर डोळे आहेत’ असा गौरव केला तर दंड बारा पण. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, खरें बोलूनही व्यंग काढणाऱ्यास निदान एक कार्षापण तरी दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यानेंही व्यवहाराध्यायांत सत्य, असत्य व उपरोधिक स्तुति हे तीनही प्रकार दंडास पात्र मानिले आहेत.

यांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. माणसाचा गेलेला डोळा ही गुप्त गोष्ट नव्हे. गांवांतील पोरासही ती दिसते. तिच्याइतकें उघड दुसरें काय असणार? तरीही ती चारचौघांत उच्चारणारा दंडास पात्र होतो. कारण दिसणें व दाखविणें या दोन क्रिया भिन्न आहेत व त्यांचे कर्तेही भिन्न आहेत. सत्यानें दंड कमी होतो, माफ होत नाहीं. उपहासाच्या स्तुतीस तर असत्याहूनही अधिक दंड आहे. म्हणजे शास्त्रकार शब्दाच्या खरेपणाहून बोलणाराच्या हेतूकडे व ऐकणारावर होणाऱ्या परिणामाकडे अधिक पाहत होते.

मीमांसकांच्या परिभाषेंत हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेनें सांगतां येते. जें दुसऱ्या प्रमाणानें पूर्वींच ज्ञात आहे त्याचें पुनःकथन म्हणजे अनुवाद. आमचे संपादक म्हणतात कीं, आम्ही केवळ अनुवाद करितों, आमच्याकडे विधीचें कर्तृत्व नाहीं. परंतु अनुवाद हा निष्प्रयोजन नसतो. तो कोणत्या तरी विधीच्या उपयोगीं पडण्यासाठींच केलेला असतो, असें मीमांसकच सांगतात. तेव्हां अनुवाद करणारास विचारावयाचा प्रश्न ‘तूं नवें काय सांगितलेंस?’ हा नसून ‘हें जुनें तूं कोणत्या विधीसाठीं पुन्हा सांगितलेंस?’ हा आहे. गोपाळरावांच्या यादीचा अनुवाद ज्या विधीस उपयोगी पडला तो विधि ‘यांस वाळींत टाका’ हा होता.

आम्ही आयुष्याचीं पुष्कळ वर्षें शाळेंत घालविलीं. शाळेचें दाखल-खारजाचें पुस्तक मुख्याध्यापकाच्या कपाटांत असे. त्यांत प्रत्येक मुलाचें नांव, जात, जन्मतारीख, बापाचें नांव व धंदा, पूर्वींची शाळा, शाळा सोडल्याचें कारण या सर्व गोष्टी लिहिलेल्या असत. ज्यास स्वतःचा उतारा हवा असे त्यास तो मिळे, आणि तो कचेरींत पुरावा म्हणून चाले. या अर्थानें पुस्तक सार्वजनिकच होतें. परंतु कोणी तिऱ्हाइतानें येऊन ‘अमुक सालचें सबंध पुस्तक मला नकलून न्यावयाचें आहे’ असें म्हटलें असतें, तर कोणत्याही समंजस शिक्षकानें तें दिलें नसतें. उतारा देणें व पुस्तक देणें यांतील हा भेद कोणा कायदेपंडितानें आम्हांस शिकविला नव्हता. कामांतूनच तो समजत असे.

असाच भेद तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आढळतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार इत्यादि क्षेत्रीं यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या जतन केलेल्या आहेत. या वह्या कोणापासून लपविलेल्या नाहींत. परंतु त्या उघडण्याची एक रीत आहे. यात्रेकरूनें आपलें गांव, कुळ व उपनांव सांगावें, मग उपाध्याय त्याच कुळाचें पान काढतो, व यात्रेकरू त्याखालीं आपली नोंद करून सही करितो. म्हणजे प्रश्न विचारणारा कोण आहे हें ठरल्यावर वही बोलते. अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळी-संस्थेनें १९७७ पासून हरिद्वार वगैरे ठिकाणच्या अशा वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेण्यास आरंभ केला. पुरानें व वाळवीनें नष्ट होणाऱ्या साधनांचें त्यामुळें रक्षण झालें, हा मोठाच लाभ होय. तथापि एक गोष्ट त्या चित्रांत उतरत नाहीं. ती म्हणजे वही उघडण्यापूर्वीं उपाध्याय विचारीत असे तो प्रश्न. वही तीच राहते, पण ती आतां कोणाच्याही पुढें सारखीच बोलते.

अर्वाचीन न्यायालयांसही हा भेद मान्य करावा लागला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९८९ सालीं असा प्रश्न आला कीं, एका माणसाच्या अटकांच्या व शिक्षांच्या नोंदी ठिकठिकाणच्या न्यायालयांत उघड पडल्या असतां, मध्यवर्ती पोलिसखात्यानें त्यांचें जें एकत्र टिपण केलें आहे तें वृत्तपत्रांस द्यावें कीं नाहीं. न्यायालयानें नकार दिला. विखुरलेल्या नोंदी शोधण्यास जे श्रम पडतात, ते श्रम हेंच त्या माणसाचें एक प्रकारचें संरक्षण आहे, आणि एकत्र टिपण ही निराळी वस्तु आहे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं आर. राजगोपाल यांच्या खटल्यांत उलट दिशेचें तत्त्व सांगितलें; एकदां गोष्ट सार्वजनिक अभिलेखांत गेली म्हणजे तिच्याबाबत खासगीपणाचा हक्क उरत नाहीं. पण तेथेंच अपवादही केला : ज्या स्त्रीवर अत्याचार झाला किंवा जिला पळवून नेलें, तिचें नांव अभिलेखांत असलें तरी त्याचा गवगवा होऊं नये. २०१७ सालीं पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम आला. परंतु ज्याची माहिती त्यानें स्वतःच जाहीर केली, किंवा कायद्यानें जी जाहीर करणें भाग आहे, ती त्यानें आपल्या कक्षेबाहेर ठेविली आहे, व संशोधनासही अटींसह सवलत दिली आहे. बदनामीसंबंधीं मात्र जुनाच नियम चालू आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमांत जें होतें तेंच १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत आहे : केवळ खरेपणा हा बचाव नव्हे, तें खरें प्रसिद्ध होण्यांत लोकहित असलें पाहिजे; आणि जिवंत आप्तांच्या मनास लागावें अशा हेतूनें मृतावर घेतलेला आळही बदनामींत मोडतो. कौटिल्याच्या तीन पणांचें तत्त्व हेंच आहे.

कायदा आम्हां संशोधकांस बरीच मोकळीक देतो, हें यावरून दिसून येईल. परंतु जेथें कायदा मोकळीक देतो तेथेंच विवेकाचें काम वाढतें. याचें एक ताजें उदाहरण हॉलंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांशीं सहकार्य केल्याचा ज्यांवर संशय होता, अशा सुमारें ४,२५,००० लोकांचें दफ्तर हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. त्यावरील कायद्याचें बंधन १ जानेवारी २०२५ रोजीं संपलें. सर्व कागद घरबसल्या वाचतां यावे अशी योजना होती. परंतु माहितीरक्षणाच्या सरकारी संस्थेनें इशारा दिल्यावर तूर्त नांवांची सूचि तेवढी खुली झाली व कागद अभिलेखागारांतच पाहावयाचे राहिले. ज्यांची चौकशी झाली त्यांतील पुष्कळांवर खटलाही झाला नव्हता. तरी सूचींत सर्वांचीं नांवें सारखींच येतात. पंचहौदच्या यादींत पेला पिणारा व न पिणारा एकत्र आले, तसेंच हें होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९३० पासून पुढील थोड्या वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांतील १८ वा व ३२ वा हे खंड शाहू व पेशवे यांच्या खासगी आयुष्यासंबंधीं असून ४३ वा सामाजिक व धार्मिक बाबींसंबंधीं आहे. राज्यकर्त्याचें खासगी वर्तन हा राज्याच्या इतिहासाचा भाग होय. तें छापण्यास कोणी संकोच करूं नये. परंतु ज्या रयतेचें नांव दफ्तरांत केवळ गुन्हा, आळ, बटीकपण किंवा बहिष्कार यांमुळेंच आलें, तिची गोष्ट निराळी आहे. राजानें आपलें नांव इतिहासाच्या स्वाधीन केलें; या माणसांचें नांव कारकुनानें केलें.

आणि आमच्या या क्षेत्रांत एक पडदा आपोआप होता, त्याची जाणीव आम्हांस उशिरां होत आहे. तो पडदा म्हणजे मोडी लिपि. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि लाखों कागद उघड्या कपाटांत असूनही वाचणाऱ्यांवांचून बंद झाले. अशा स्थितींत कागदाचें बाळबोध लिप्यंतर करणें हेंच एक प्रकारचें प्रकाशन होय. त्यांत आतां व्यक्तिनामांची सूचि व यंत्रानें क्षणांत होणारा शोध यांची भर पडली आहे. पूर्वीं ज्यास एखाद्या कुळाचा कलंक शोधावयाचा असे त्यास महिनोन्‌महिने रुमाल चाळावे लागत, व तेवढ्या वेळांत त्याचा द्वेषही बहुधा थंड होई. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधार्थ राज्यांतील जुनीं दफ्तरें मोठ्या प्रमाणावर उघडलीं गेलीं, मोडी वाचकांस बोलावणें आलें, व सांपडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. ज्यास आपल्या पूर्वजाची नोंद हवी त्यास ती मिळणें योग्यच आहे, आणि त्यामागील राजकीय वादाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु जन्ममृत्यूच्या नोंदवहीचें पान कधींही एका कुळाचें नसतें. शेजारच्या ओळींत दुसऱ्याची जात, दुसऱ्याच्या मुलाचा मृत्यु असतो. एकास उतारा देतांना दुसऱ्याचें पुस्तक उघडें पडणार नाहीं, एवढी काळजी मोडी वाचकानें व प्रतिमा काढणारानें घेतली पाहिजे.

याहून कठीण उदाहरण गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या नोंदवह्यांचें आहे. १८७१ चा कायदा, त्याची १९११ ची सुधारणा, सोलापूर वगैरे ठिकाणच्या वसाहती, आणि १९५२ सालीं त्या कायद्याचा शेवट, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्या कायद्याखालीं माणसांचीं नांवें नोंदलीं जात, बोटांचे ठसे घेतले जात. समजा, अशी एखादी नोंदवही एखाद्या संग्राहकाच्या हातीं रद्दींतून आली. ती सरकारी आहे, जुनी आहे, अस्सल आहे. तींतील नांवें-उपनांवें-गांवें जशींच्या तशीं छापावीं काय? आमचें उत्तर असें कीं, वही अवश्य छापावी. पण ती सरकारविषयींचा पुरावा म्हणून छापावी. जन्मावरून माणसास गुन्हेगार मानणारा कागद मानणाराविषयीं खरा आहे, मानलेल्याविषयीं नव्हे. तीं उपनांवें व तीं गांवें घेऊन हिंडणारे नातूपणतू आज शाळेंत, कचेरींत, पोलिसचौकीसमोर उभे आहेत. तेथें दंश अजून जिवंत आहे.

यावरून एक कसोटी मिळते. पंचहौदची यादी आज कोणी पुन्हा छापली तर आम्ही तिचें स्वागतच करूं. कारण मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल आज कोणाच्या घरचें लग्न मोडत नाहीं. तेथील दंश मेला आहे. यादी तीच, नांवें तींच. पण १८९० सालीं जें अनुचित होतें तें आज उचित आहे. उलट जो कागद शंभर वर्षें कोणास न बोचतां पडून होता, तोच आज छापल्यास बोचूं शकेल. म्हणून कागदाचें वय मोजून हा प्रश्न सुटत नाहीं, आणि ‘पूर्वीं छापला होता’ म्हणूनही सुटत नाहीं. पूर्वीं कोणी छापला असेल तर तें त्याचें कर्म. आज छापणाराचें कर्म निराळें असून त्याचा जाबही निराळा आहे.

या विचारावर एक सबळ आक्षेप येईल, व तो आम्ही हलका मानीत नाहीं. असें बंधन घातलें तर बलवान घराणीं त्याचा आडोसा घेतील. आपल्या पूर्वजांनीं बटकी विकत घेतल्याचे, वतनें लाटल्याचे, दुबळ्यांस छळल्याचे कागद ‘खासगी’ म्हणून दडपतील. मराठी संशोधनाचा आरंभच मुळीं घराघरांतून कागद मिळवितांना झालेल्या अशा अडवणुकीशीं झगडून झाला. शिवाय ज्या बटकीचें नांव आपण झांकूं, तिचें तें नांव हेंच तिच्या अस्तित्वाचें एकमेव चिन्ह असतें. तें पुसणें म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय करणें होय.

हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच आमची सूचना गाळण्याची नसून राखण्याची आहे. प्रसंग कधींही गाळूं नये. ज्याच्या हातीं सत्ता होती, मग तो पेशवा असो, सावकार असो वा पाटील, त्याचें नांव पूर्ण द्यावें. ज्याच्यावर सत्ता चालली त्याचें व्यक्तिनाम ठेवावें. परंतु उपनांव, गांव व वतन यांच्या ज्या जोडणीवरून आजच्या जिवंत कुळाकडे बोट दाखवितां येतें, ती जोडणी, दंश जिवंत असेल तेथें, छापील पानावर व सूचींत मोडावी, आणि तसें केल्याचें तेथेंच स्पष्ट लिहून रुमालाचा व कागदाचा क्रमांक द्यावा. अस्सल कागदास कोणीं हात लावूं नये. ज्यास खरोखर शोध करावयाचा आहे त्यानें दफ्तरखान्यांत येऊन आपलें काम सांगावें व कागद पाहावा. उपाध्यायाच्या वहीची जी रीत, तीच ही. यानें सत्य लपत नाहीं. सत्यापाशीं जाणारास आपण कोण व कशासाठीं आलों एवढें सांगावें लागतें.

खासगी संग्राहकांस आमची आणखी एक विनंति आहे. आपणांकडे जे कागद आले ते बहुधा कोणा घराण्याच्या विश्वासानें आले, किंवा घराणें बसल्यावर रद्दीच्या भावानें आले. दुसऱ्या प्रकारच्या कागदांचा कैवार घेणारें कोणी उरलेलें नसतें. म्हणून त्यांच्याबाबतची जबाबदारी अधिक मानावी. कागद छापण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. ही माहिती पूर्वीं उघड होती ती कोणास व कोणत्या कामासाठीं? आपण ती एकत्र करून, सूचि करून, किंवा लिपि बदलून कोणाच्या हातीं नवी देत आहों? आणि तिनें ज्या गोष्टीवर प्रकाश पडतो ती गोष्ट त्या नांवावांचून सांगतां येत नाहीं काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘येत नाहीं’ असें प्रामाणिकपणें आलें तर खुशाल छापावें, व छापल्याचें कारण प्रस्तावनेंत लिहावें. ‘पूर्वींच प्रसिद्ध झालें होतें’ हें कारण मात्र लिहूं नये. कारण तें दुसऱ्याच्या कृत्याचें वर्णन आहे, आपल्या कृत्याचें समर्थन नव्हे.

जे कागद आमच्या पिढीच्या स्वाधीन आहेत ते उघडे करण्याचीं साधनें पूर्वींच्या कोणत्याही पिढीपाशीं नव्हतीं. राजवाडे, खरे, पारसनीस यांस कागद मिळविण्याची चिंता होती. आम्हांस ते कसे द्यावे याची चिंता आहे. या बाबतींत संपादनाचे कांहीं निश्चित नियम संशोधन करणाऱ्या संस्थांनीं एकत्र बसून ठरवावे, व तोंपर्यंत प्रत्येक संपादकानें निदान आपल्यापुरते ते लिहून ठेवावे, अशी आमची सूचना आहे. विद्वानांनीं तिचा विचार करावा.